पोटातलं बाळ वाढतं कसं, आणि आई-बाबांनी मन तयार करायचं कसं?

"सहावा महिना लागला, अजून गर्भसंस्काराचा वर्ग लावलेला नाही. बाळाच्या बुद्धीवर परिणाम होईल का?" "कारण नसताना रडू येतं. सासूबाई म्हणतात, अशानं बाळ रडकं होईल. खरं आहे का?" "आमच्या हिशेबाने सहाच आठवडे झालेत, सोनोग्राफीत आठ लिहिलेत. काही चुकलंय का?" "सगळे सल्ले बायकोला मिळतात. मी नेमकं काय करायचं?"

दिवस गेलेल्या जोडप्यांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. शब्द वेगळे असले तरी मागची भीती एकच असते: आपल्या हातून काही राहून गेलं, तर बाळाचं नुकसान होईल.

म्हणून मुख्य गोष्ट आधी सांगते. बाळाची वाढ बहुतांशी तिच्या ठरलेल्या क्रमाने होत असते. तुमच्या हातात असलेल्या गोष्टी मोजक्या आणि ठोस आहेत. त्या मनापासून करा आणि बाकीचं ओझं उतरवून ठेवा. मनाची तयारी करायची ती बाळाला हुशार घडवण्यासाठी नव्हे. आई-बाबा होणं तुम्हाला झेपावं, यासाठी ती करायची.

आधी आठवड्यांचा हिशेब समजून घ्या

गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. गर्भधारणा त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी होते. त्यामुळे डॉक्टर "आठ आठवडे" म्हणतात, तेव्हा गर्भ प्रत्यक्षात सहा आठवड्यांचा असतो. चुकलेलं काही नसतं.

- पूर्ण काळ २८० दिवसांचा, म्हणजे ४० आठवड्यांचा. मात्र दिलेल्या तारखेलाच फार थोडी बाळं जन्मतात. ३७ आठवडे पुरे झाले की दिवस भरत आले असं समजा.
- पाळी अनियमित असेल किंवा तारीख आठवत नसेल, तर पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून ठरलेली तारीख सर्वांत भरवशाची.
- पुढच्या प्रत्येक सोनोग्राफीत तारीख थोडी मागेपुढे दिसते, कारण ती बाळाच्या आकारावरून काढलेली असते. एकदा नक्की केलेली तारीख त्यामुळे बदलत नाही. फाईलच्या पहिल्या पानावर ती ठळक लिहून ठेवा.

कोणत्या टप्प्यावर काय घडतं आणि तुम्ही काय करायचं

पहिले १२ आठवडे. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून तयार होतात, ती नळी सहाव्या आठवड्याच्या सुमारास बंद होते. अनेकींना तेव्हा दिवस गेल्याची नुकती चाहूल लागलेली असते. म्हणूनच फोलिक ॲसिडची गोळी दिवस राहण्याआधीपासून घ्यायला सांगतात. घेतली नसेल, तर आजपासून सुरू करा. सहा-सात आठवड्यांना सोनोग्राफीत हृदयाची धडधड दिसू लागते. १२ आठवड्यांपर्यंत बहुतेक अवयवांची मांडणी झालेली असते.

- १२ आठवड्यांच्या आत नाव नोंदवा आणि माता-बाल संरक्षण कार्ड घ्या.
- रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, एचआयव्ही, कावीळ-बी या तपासण्या करून घ्या.
- तंबाखू, मिशरी, गुटखा, दारू पूर्ण बंद. मिशरी ही "दात घासायची पूड" म्हणून सोडून देऊ नका. ती तंबाखूच आहे आणि तिच्यामुळे बाळाचं वजन कमी भरतं.
- आधीपासून फिट्स, थायरॉईड किंवा मानसिक आजाराची औषधं सुरू असतील, तर ती परस्पर बंद करू नका. काही बदलावी लागतात, काही चालू ठेवावी लागतात. हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

या काळात मळमळ, थकवा आणि "खरंच आनंद होतोय का?" हा संभ्रम एकत्रच येतात. आनंद लगेच झाला नाही, म्हणून तुम्ही वाईट आई ठरत नाही.

१३ ते २० आठवडे. बाळ गर्भजल गिळू लागतं, हातपाय हलवतं. विसाव्या आठवड्याच्या सुमारास बोटांवर ठशांच्या रेषा उमटलेल्या असतात आणि वजन ३०० ग्रॅमच्या आसपास असतं. पहिलटकरणीला बाळाची हालचाल १८ ते २० आठवड्यांत कळते, दुसऱ्या खेपेला थोडी आधी.

- लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज, निदान १८० दिवस. चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या. शौच काळसर होतं, ते गोळीमुळे. घाबरून बंद करू नका.
- १८ ते २० आठवड्यांतली सोनोग्राफी चुकवू नका. बाळाच्या रचनेत काही दोष आहे का, हे त्यात तपासतात. ती उशिरा झाली, तर पुढचे निर्णय घ्यायला वेळ उरत नाही.

२१ ते २८ आठवडे. पंचविसाव्या आठवड्याच्या आसपास बाळ आवाजाला प्रतिसाद देऊ लागतं. डोळे उघडझाप करू लागतात. २८ आठवड्यांना वजन साधारण एक किलो भरतं.

- २४ ते २८ आठवड्यांत साखरेची तपासणी पुन्हा करा. पहिली नॉर्मल आली होती, म्हणून ही टाळू नका.
- तुमचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाच्या वडिलांचा पॉझिटिव्ह असेल, तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

२९ ते ४० आठवडे. फुप्फुसं तयार होतात, अंगावर चरबी चढते, बाळ बहुधा डोकं खाली करतं. आता त्याच्या हालचालींची लय तुम्हाला कळलेली असते. कुणाचं बाळ रात्री जास्त हलतं, कुणाचं जेवणानंतर. त्या लयीत बदल वाटला, तर काहीतरी खाऊन डाव्या कुशीवर निवांत पडा आणि हालचाली मोजा. दोन तासांत दहा झाल्या नाहीत, तर सकाळची वाट न पाहता दवाखान्यात जा. "शेवटच्या महिन्यात बाळ हलायचं कमी होतंच" हे खरं नाही. जागा अपुरी पडल्याने हालचालींचा प्रकार बदलतो, त्या थांबत नाहीत.

रिपोर्ट वाचून घाबरण्याआधी

सोनोग्राफीचा कागद हातात आला की घरातले सगळे त्यावर वाकतात. त्यातले काही शब्द हमखास गोंधळात टाकतात.

- अँटीरियर किंवा पोस्टीरियर प्लॅसेंटा: वार पिशवीच्या पुढच्या भिंतीला आहे की मागच्या, एवढंच त्यातून कळतं. त्यावरून मुलगा-मुलगी ठरत नाही. वार पुढे असेल, तर सुरुवातीला हालचाल थोडी उशिरा आणि हलकी जाणवते.
- लो-लाइंग प्लॅसेंटा: पाचव्या महिन्यात वार खाली दिसली, तरी पिशवी वाढते तशी ती बहुतेकींमध्ये वर सरकते. ३२ आठवड्यांच्या सुमारास पुन्हा पाहतात. तोवर रक्तस्राव झाला, तर मात्र लगेच दवाखान्यात जा.
- बाळाचं वजन: हा अंदाज असतो. त्यात दहा टक्के कमीजास्त सहज होतं. एका आकड्यापेक्षा दोन सोनोग्राफींमधली वाढ महत्त्वाची.

डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: यात नॉर्मल नसलेलं काय आहे? त्यासाठी आत्ता काही करायचं आहे का? पुढची तपासणी कधी? उत्तरं तिथेच लिहून घ्या.

या समजुतींना थारा देऊ नका

- "सातव्या महिन्यातलं बाळ जगतं, आठव्यातलं नाही." उलट आहे. पोटात जितके जास्त दिवस, तितकी बाळाची तयारी चांगली.
- "ग्रहणात काही चिरलं की ओठ फाटतो." ओठ-टाळूची जडणघडण पहिल्या तिमाहीतच झालेली असते. ग्रहणाच्या नावाखाली तासन्‌तास उपाशी-तहानलेलं राहणं मात्र खरोखर त्रासाचं ठरतं.
- "दोघांचं जेव." चौथ्या महिन्यापासून रोज सुमारे ३५० कॅलरी जास्त लागतात. एक भाकरी, वाटीभर उसळ आणि कपभर दूध एवढ्याने त्या भरून निघतात.
- "केशराचं दूध प्यायलं की बाळ गोरं होतं." बाळाचा रंग आई-वडिलांकडून येतो. दूध आवडत असेल तर जरूर प्या.

गर्भसंस्कार करायचे की नाही?

बाळाला आईचा आवाज ओळखू येतो, हे प्रयोगांनी दिसलं आहे. अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर या संशोधकांनी १९८० साली तीन दिवसांहून लहान बाळांच्या तोंडात कृत्रिम बोंडशी दिली. चोखण्याची लय बदलली की आवाज बदलेल, अशी व्यवस्था केली. परक्या बाईचा आवाज सोडून आईचा ऐकू यावा, अशी लय बाळांनी धरली. पोटात ऐकलेला आवाज त्यांच्या ओळखीचा होता.

याचा अर्थ असा की बाळाशी बोलणं, गाणं, वाचून दाखवणं सार्थ आहे. पण त्यामुळे बुद्ध्यांक वाढतो, अमुक मंत्राने अमुक गुण येतो, असं सिद्ध झालेलं नाही. पोटातच ऐकलेल्या चक्रव्यूहाची गोष्ट सुंदर आहे, पण तिच्यापोटी स्वतःवर अपराधाचा भार घेऊ नका.

- वर्गात मन शांत होत असेल, चार समदुःखी मैत्रिणी भेटत असतील, तर जरूर जा. परवडत नसेल, तर काहीही बिघडत नाही.
- पोटावर हेडफोन लावू नका. तुम्हाला सुखद वाटेल इतक्या आवाजात घरात गाणं लागलेलं पुरे.
- मुलगाच होईल, गोरंच होईल अशी हमी देणाऱ्या पावडरी, काढे, "पुत्रप्राप्ती"ची औषधं कुणीही दिली तरी घेऊ नका. त्यांत काय मिसळलंय ते कुणालाच माहीत नसतं.
- एखाद्या दिवशी रडलात, चिडलात, भांडलात, तर बाळाचा स्वभाव बिघडत नाही. जपायचं आहे ते महिनोन्‌महिने साचत राहिलेल्या ताणापासून. वेळेआधी प्रसूती आणि कमी वजन यांच्याशी त्याचा संबंध आढळतो.

मन थकलंय की आजारलंय, हे कसं ओळखाल?

स्वतःला दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मी उदास, हताश होते का? एरवी आवडणाऱ्या गोष्टींतला रस गेला आहे का? एकाचंही उत्तर "हो" असेल, तर पुढच्या तपासणीत डॉक्टरांना ते सांगा. "रात्री झोप लागत नाही, सकाळी उठावंसं वाटत नाही, बाळाचा विचारच नको वाटतो" असं साध्या शब्दांत सांगितलं तरी चालतं.

- बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी रडू येणं, चिडचिड होणं स्वाभाविक आहे. दोन आठवड्यांत ते ओसरलं नाही, तर उपचार हवेत.
- स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार, विचित्र आवाज ऐकू येणं, झोप पूर्ण उडणं, असं काही झालं तर ताबडतोब दवाखाना गाठा. घरच्यांनी बाळ-बाळंतिणीला एकटं सोडू नये.
- टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत, मराठीतूनही बोलता येतं.
- घरात मारहाण, धमक्या, उपासमार होत असेल, तर ते "संसारात चालायचंच" म्हणून सोसू नका. महिलांसाठी १८१ आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

बाबांनो, तुमच्यासाठी

"मी आहे ना" हे बोलून दाखवण्यापेक्षा कामं वाटून घेतलेली तिला जास्त जाणवतात.

- १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीला आणि निदान आणखी दोन तपासण्यांना सोबत जा. फाईल, तारखा आणि गोळ्यांचा साठा तुमच्याकडे घ्या.
- पाहुण्यांचे आणि नातेवाइकांचे सल्ले तुम्ही अडवा. "डॉक्टरांना विचारून सांगतो" हे वाक्य तुमच्या तोंडून आलं, की तिला वाद घालावा लागत नाही.
- रोज पंधरा मिनिटं तिचं ऐका. उपाय सुचवू नका. ऐकून झाल्यावर "मी काय करू?" एवढंच विचारा.
- पैशांची, जबाबदारीची भीती तुम्हालाही वाटत असणार. ती मित्राशी, भावाशी, डॉक्टरांशी बोला. बाळ होण्याच्या काळात पुरुषांनाही नैराश्य येतं. ते दारूने किंवा रागाने झाकू नका.

सातव्या महिन्यापर्यंत ठरवून टाका

डोहाळजेवणाच्या गडबडीत या गोष्टी राहून जातात. त्याआधीच दोघांनी बसून कागदावर लिहा.

1. प्रसूती कुठे? माहेरी जाणार असाल, तर ३२ ते ३४ आठवड्यांच्या आत तिथल्या डॉक्टरांना एकदा दाखवा. मूळ फाईल आणि कार्ड सोबत न्या.
2. रात्री कळा सुरू झाल्या तर गाडी कोणाची? १०२ आणि १०८ क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये घाला.
3. रक्त लागलं तर कोण देईल?
4. बाळंतिणीच्या सव्वा महिन्यात स्वयंपाक, बाळाचे कपडे, रात्रीची जाग कोणी कोणती वाटून घ्यायची?
5. सिझर करावं लागलं, बाळ काचेत ठेवावं लागलं, तर घरात कोण, दवाखान्यात कोण?
6. भेटायला येणाऱ्यांना पहिले काही दिवस नाही कोण सांगणार?

या लक्षणांत वाट पाहू नका

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा-हातांवर अचानक सूज, पोटाच्या वरच्या भागात दुखणं, ताप, झटके, धाप लागणं, बाळाची हालचाल कमी होणं. यांतलं एकही दिसलं तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठा.

दिवस टिकले नाहीत, किंवा दोष आढळला तर

कळून आलेल्या गरोदरपणांपैकी दहा ते पंधरा टक्के गर्भ टिकत नाहीत, तेही बहुतेक पहिल्या १२ आठवड्यांत. त्यांतल्या निम्म्यांच्या आसपास गर्भांमध्ये गुणसूत्रांचीच गडबड असते. घागर उचलली, प्रवास केला, पपई खाल्ली म्हणून ते झालं नाही. "तू काळजी घेतली नाहीस" असं कुणी म्हणालं, तर हे त्यांना वाचून दाखवा. दुःख करायला दोघांनाही वेळ द्या. "पुढच्या वेळी होईल" म्हणून घाई करू नका.

सोनोग्राफीत दोष सांगितला, तर त्याच दिवशी निर्णय घेऊ नका. आधी दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घ्या. मात्र दिवस वाया घालवू नका, कारण गर्भपाताच्या कायद्यात आठवड्यांची मर्यादा आहे.

तुमचे हक्क

- गर्भपात: २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका, तर ठरावीक परिस्थितींत २४ आठवड्यांपर्यंत दोन नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने तो करता येतो. गर्भात गंभीर दोष असेल, तर त्यापुढे वैद्यकीय मंडळ ठरवतं. प्रौढ स्त्रीची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही.
- लिंगनिदान: १९९४ च्या केंद्रीय कायद्याने तो गुन्हा आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्येच, देशात सर्वांत आधी, त्याविरुद्ध कायदा केला. तपासणी झालीच, तर स्त्रीला घरच्यांनी भाग पाडलं असंच कायदा गृहीत धरतो.
- मोफत सेवा: सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि ने-आण मोफत असते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची विशेष मोफत तपासणी होते.
- आर्थिक मदत: पंतप्रधान मातृवंदना योजनेत पात्र स्त्रियांना पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात. अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंना विचारा.
- रजा: मागच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केलेल्या स्त्रीला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते. गर्भपातानंतर सहा आठवड्यांची रजा आहे. गरोदर आहे म्हणून नोकरीवरून काढणं बेकायदा आहे.
- सोबत: सरकारी रुग्णालयांत कळांच्या वेळी सोबतीण ठेवायला केंद्र सरकारने २०१६ साली मान्यता दिली. आपल्या रुग्णालयातली पद्धत आधीच विचारून घ्या.
- मानसिक उपचार: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालील मुलाला एरवी वेगळं करता येत नाही. मूल काढून घेतील या भीतीने उपचार टाळू नका.

या आठवड्यात एवढंच करा

कार्ड काढून पुढच्या तपासणीची तारीख पाहा. गोळ्या किती उरल्या ते मोजा. मनातली एक भीती जोडीदाराला सांगा आणि एक प्रश्न डॉक्टरांसाठी लिहून ठेवा. सगळं बिनचूक करणारे आई-बाबा कुठेच नसतात, आणि तुमच्या बाळाला त्यांची गरजही नाही. अडचण आली की लाज न बाळगता मदत मागणारे आई-बाबा त्याला मिळाले, की पुष्कळ झालं.